बिअर कॅन चिकन: या चुका टाळा

बिअरचा कॅन पोटात घालून झाकणाच्या ग्रिलवर उभी भाजलेली अख्खी कोंबडी बिघडली की लोक विचारतात, "बिअर चुकीची होती का?" मी आधी विचारतो, निखारे कुठे होते? बहुतेकांचं उत्तर एकच येतं: "खालीच की."

तिथेच घात होतो. कोंबडी उभी असल्यामुळे तिची सगळी चरबी सरळ खाली गळते आणि खाली निखारे असले की थेंबाथेंबाला भडका उडतो. एका मित्राकडे मी उशिरा पोचलो, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत त्याच्या कोंबडीची कातडी कोळशासारखी झाली होती. "झाली" म्हणून त्याने ती उतरवली. सुरी मांडीच्या सांध्यात गेली आणि हाडाजवळ मांस कच्चं, थुलथुलीत, गारच. पाहुणे ताटं घेऊन उभे. आम्ही सांध्यांवर तुकडे केले, निखारे एका बाजूला लोटले आणि तुकडे दुसऱ्या बाजूला झाकणाखाली अर्धा तास ठेवले. मांस वाचलं, कातडी फेकावी लागली. हा उपाय लक्षात ठेवा, कधीतरी लागेल.

मी निखारे दोन कडांना लावतो, मधे अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, त्यात बोटभर पाणी आणि जाळीवर बरोबर त्याच्या वर कोंबडी. झाकण लावून आतली उष्णता 175 ते 190 अंश सेल्सिअसवर राखतो. दीड-पावणेदोन किलोच्या कोंबडीला सव्वा ते दीड तास लागतो. एवढा धीर नसेल तर तुकडेच भाजा, तेही छान लागतात. पण दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. साठवलेली उष्णता दर वेळी निघून जाते आणि मग म्हणतात, "तुमची वेळ चुकली." पाऊण तासाने कोळसे घालायला मी एकदा उघडतो, बस्स.

दुसरा गैरसमज बिअरचा. आत वाफ होते आणि मांस रसाळ राहतं, असं सगळे सांगतात. पण छातीचं मांस 74 अंशांवर शिजून तयार होतं आणि पाणी उकळायला 100 अंश लागतात. पोटात झाकलेली ती बिअर तोवर उकळतच नाही. काठोकाठ भरलेला कॅन आत गार गोळ्यासारखा बसतो आणि आतली बाजू मागे राहते. म्हणून अर्धी बिअर आधीच काढून घ्या. रसाळपणा येतो तो मिठाने: किलोमागे साधारण 10 ग्रॅम, आदल्या रात्री चोळून, फ्रीजमध्ये उघडी ठेवून. कातडी कोरडी पडते आणि म्हणूनच कुरकुरीत होते. "तासभर आधी मसाला लावला तर चालेल का?" चालेल, पण चव वरवरच राहील.

न उघडलेला कॅन कधीही ठेवू नका, तो फुटतो. कॅनला बाहेरून रंग आणि आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे मी आता कॅनऐवजी स्टीलचा स्टँडच वापरतो.

कोंबडी धुऊ नका, नुसती पुसा. साखरेचा सॉस शेवटच्या दहा मिनिटांतच. निखारे पेटवण्याआधी कोंबडी उभी करून झाकण बसतं का ते बघा. रस पारदर्शक दिसला म्हणजे शिजली, यावर विसंबू नका. थर्मामीटर मांडीच्या जाड भागात घाला, हाडाला टेकवू नका. तिथे 80 अंश आणि छातीत 74 झाले की उतरवा.

उतरवताना मात्र घाई अजिबात नको. एकदा कॅन तिरका होऊन कढत चरबी माझ्या मनगटावर आली, तो डाग अजून आहे. आता मी दुसरा ट्रे जाळीला लावून धरतो, चिमट्याने कोंबडी स्टँडसकट त्यात सरकवतो आणि पंधरा मिनिटं हात लावत नाही. मग एकजण जाड हातमोजे घालून स्टँड घट्ट धरतो आणि दुसरा कोंबडी वर उचलतो.