पद्मिनीच्या पायाशी पाणी: जुन्या गाडीतली पावसाची गळती शोधायची कशी, थांबवायची कशी

आमची पांढरी प्रीमियर पद्मिनी १९८४ची. बाबांनी घेतलेली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या घरी पोर्चला छत आहे, पण ते गाडीच्या नाकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पुढची काच सगळा पावसाळा उघड्यावर असते. काही वर्षांपूर्वी जुलैत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, तर खालचा फेल्ट पिळता येईल इतका भिजलेला. गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी पुढच्या काचेच्या रबराभोवती सिलिकॉन भरून दिलं. पाणी येतच राहिलं. दोन पावसाळ्यांनंतर मी ते सिलिकॉन खरवडून काढलं, तेव्हा खालचा पत्रा गंजून बोटाने दाबला तरी तुटत होता. आणि पायाशी येणारं पाणी काचेतून येतच नव्हतं. ते वायपरच्या दांड्याजवळून येत होतं.

तेव्हापासून हे काम मी स्वतःच करते. ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, त्याचा इथे फार उपयोग झाला. पण पहिला धडा एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दिला. ते म्हणाले, "मॅडम, पाणी जिथं टपकून राहिलं ना, तिथून ते घुसत नाही. आधी त्याची वाट शोधा, मग हात लावा." काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी रबराच्या आतून खाली उतरतं, डॅशबोर्डमागे वायरींच्या जुडग्याला धरून सरकतं आणि भलत्याच ठिकाणी गळतं. काच आणि रबर यांच्यात केसाएवढी फट असली तरी पुरते. बारीक फटीत पाणी आपोआप खेचलं जातं, त्याला वरून दाब लागत नाही.

नागपुरात हे काम मे महिन्यात करावं. आपल्याकडे ४५ अंशांच्या वर पारा गेला की उन्हात उभ्या गाडीचं रबर अक्षरशः भाजून निघतं. ते कडक होतं, आकसतं, कोपऱ्यांना तडकतं. म्हणून मागच्या वर्षी कोरडी राहिलेली गाडी यंदा गळते. जूनच्या मध्यावर पाऊस आला की मग पत्रा सुकवायला ऊन मिळत नाही, आणि ओल्या पत्र्यावर फट बुजवायचं सीलंट नीट धरत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आत गाडी उघडली तर पावसाआधी सगळं होतं.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. मॅट, कार्पेट, फेल्ट, मागच्या सीटची बैठक, डिकीतली स्टेपनी आणि तिच्याखालचं सगळं बाहेर काढा. दारांच्या आतले पॅनेलही काढा. फरशीचा पत्रा उघडा दिसला पाहिजे. जो ओलावा सापडेल तो बोटांत चोळून पाहा. बुळबुळीत लागला तर ते पावसाचं पाणी नाही, ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग हे सगळं बाजूला ठेवून आधी ब्रेक दाखवा. गंजाच्या रेषा नीट बघा. पाणी वर्षानुवर्षं ज्या वाटेने उतरलं, तिथे तपकिरी ओघळ उमटलेला असतो. माझ्या गाडीत तो ओघळ वायपरच्या दांड्यापासून थेट फ्यूजच्या डब्याशेजारून खाली गेला होता. पहिल्या दिवशीच तो पाहिला असता तर सिलिकॉनची ती भानगड झालीच नसती.

पाणी मारायच्या आधी दोन कोरड्या तपासण्या करा. रात्री दिवे बंद करून कुणाला तरी मोठा टॉर्च देऊन गाडीत बसवा आणि दारांच्या कडांमधून उजेड कुठे बाहेर येतो ते फिरून पाहा. मग दिवसा वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ओढताना ती अडली पाहिजे. सहज सरकून आली तर तिथे रबर दाबलं जात नाही. चारही दारं अशी वीतभर अंतरावर तपासा, आणि सैल जागेवर पत्र्याला खडूने खूण करा.

आता पाणी. माझी भाची टॉर्च घेऊन आत बसते, मी बाहेर पाइप धरते. पाइपचं नोझल काढून टाका. प्रेशर वॉशर तर अजिबात नको, कारण तो अशा ठिकाणी पाणी घुसवतो जिथे पावसाने ते कधीच गेलं नसतं. नळ मंद सोडा, नुसती धार पडेल इतका. आणि खालून वर या. हा नियम मोडू नका. आधी दारांचा खालचा उंबरठा, मग दाराचा बिजागरीकडचा भाग, मग पुढच्या दारातली छोटी त्रिकोणी काच, मग वायपरचे दांडे, मग पुढच्या काचेची खालची कड, बाजू, आणि सगळ्यात शेवटी वरची कड आणि टपाची पन्हळ. एकेका जागी निदान पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळत जातं आणि कुठल्या फटीतून शिरलं ते कळत नाही. भाची आतून "मावशी, आलं!" म्हणाली की मी नळ बंद करते, ती खूण करते, आणि तो भाग सुकवूनच पुढे जायचं.

आत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरा आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. पावडरीत पाण्याची वाट चिखलाच्या रेघेसारखी उमटते. एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. आमच्या पोर्चला रस्त्याकडे उतार आहे. गाडी नाक वर करून उभी असली की पाणी मागच्या सीटखाली साचतं, उलटी लावली की पेडलपाशी. म्हणून तपासणी गाडी दोन्ही बाजूंनी लावून करा.

पाण्यात काहीच सापडलं नाही, तर आणखी एक उपाय आहे. सगळ्या काचा बंद करून एका खिडकीतून ब्लोअरचं तोंड आत घाला, उरलेली फट गोणपाटाने आणि टेपने बंद करा. ब्लोअर चालू ठेवून बाहेरून रबरांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. हवा जिथून बाहेर येते तिथे फुगे दिसतात. डिकीच्या रबराची बारीक भेग मला अशीच सापडली.

दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे वायपरचे दांडे. दांड्याचा नट उघडला की खाली रबरी वॉशर निघतो. माझ्या गाडीत त्याची भुकटी झाली होती. त्याच मापाचा नवा बसवायचा, बसण्याच्या जागेवरचा गंज घासायचा, आणि नट हलक्या हाताने आवळायचा. फार आवळलं तर नवं रबर बाहेर फुगतं आणि पुन्हा फट पडते.

पुढच्या काचेचं काम मात्र वेळ मागतं. रबर मऊ असेल तर काच काढायची गरज नाही. रबराची बाहेरची पाकळी प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचला, आतली धूळ बारीक ब्रशने आणि ओलसर कापडाने काढा, पूर्ण सुकू द्या, आणि काचेच्या रबरासाठी मिळणारं न वाळणारं सीलंट आत भरा. आधी रबर आणि काच यांच्यात, मग रबर आणि पत्रा यांच्यात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते गाडीत वापरू नका. ते वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो, आणि जिथे सिलिकॉन एकदा लागलं तिथे पुढे रंगही नीट धरत नाही. माझ्या गाडीचा पत्रा असाच गेला. त्यात बाहेरची कड बंद झाल्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला सुकायलाही वाट उरली नव्हती.

रबर कडक झालं असेल तर ते बदलाच. नवं घेताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या आणि छेद जुळवून पाहा. "पद्मिनीचंच आहे" या दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. बाहेरून सारखं दिसणारं रबर खाचेच्या जाडीत मिलिमीटरभर कमी भरलं तरी गळतं. काच काढल्यावर चौकटीच्या पत्र्याचा गंज घासा, गंज-कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावा, मग प्रायमर आणि रंग. रंग नीट वाळायला वेळ द्या. बसवताना रबर आधी काचेला चढवतात, त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून सुतळी घालतात, साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीत धरतात, आणि एक जण आतून सुतळी ओढत जातो तसतशी पाकळी पत्र्यावर चढते. बाहेरून तळहाताने दाब द्यायचा, मुठीने नाही. हे दोघांचं काम आहे, आणि पहिल्यांदा करताना अनुभवी काचवाल्याला बोलवण्यात काही कमीपणा नाही.

दारांबाबत बहुतेक लोक गैरसमजात असतात. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे. ते दाराच्या पोकळीतून खाली उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. आपल्या धुळीने ती भोकं बुजतात. मग दारात पाणी साठतं, हलवलं की खळखळतं, आणि तळ आतून सडतो. उदबत्तीच्या काडीने ती भोकं मोकळी करा, दर दोन महिन्यांनी. चुकूनही सीलंटने बंद करू नका. पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, तो फाटलेला किंवा गायब असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा, आणि त्याची खालची कड दाराच्या पोकळीत जाईल अशी ठेवा, म्हणजे पॉलिथिनवरून उतरलेलं पाणी दाराच्या आतच पडतं. कागदी पट्टी सैल सरकली असेल तर नवं रबर आणायच्या आधी बिजागरी बघा. दार झुकलेलं असलं तर आधी ते उचलून लॉकचा आकडा जुळवावा लागतो. झुकलेल्या दाराला जाड रबर लावलं तर दार लागत नाही आणि गळतीही थांबत नाही.

डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट आधी पाहा, मग झाकणाचं रबर. रबराचा जोड नेहमी खालच्या बाजूला, कुलुपापाशी घ्या. वरच्या बाजूला जोड आला की काचेवरून ओघळणारं सगळं पाणी त्याच्यावर येतं.

फरशी फक्त गाडी चालवल्यावर ओली होत असेल तर पाणी खालून येतं. चाकांनी उडवलेलं पाणी फरशीच्या निखळलेल्या रबरी बुचांतून, फायरवॉलमधल्या (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातल्या) वायरींच्या आणि स्पीडोमीटरच्या केबलच्या भोकांतून, पत्र्याच्या उघड्या जोडांतून शिरतं. बुचं नवी घाला, जोडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, त्यावर खालून अंडरकोट.

सुकवण्याबद्दल एक सांगते, कारण नागपूरच्या प्रत्येक घरात कूलर असतो आणि मीही तो गाडीकडे तोंड करून लावला होता. पंप बंद केल्याशिवाय लावू नका. कूलरची हवा दमट असते. नुसता पंखा, उघडी दारं आणि दोन दिवसांचं ऊन पुरतं. फेल्ट सुकला तरी कुबट वास जात नसेल तर तो टाकून नवा घ्या. गंज त्याच्याखालीच सुरू होतो.

हे सगळं पावसाच्या पाण्याबद्दल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा किती गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. तशा गाडीचं इंजिन चालू करू नका. बॅटरीची तार काढा आणि गाडी ओढून मिस्त्रीकडे न्या. इंजिनात आणि ब्रेकमध्ये पाणी गेलं आहे का, ते आधी पाहावं लागतं.

दुरुस्ती झाल्यावर कार्पेट लगेच टाकू नका. मी पहिल्या मोठ्या पावसापर्यंत उघड्या फरशीवर वर्तमानपत्रं ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक पान उचलून पाहते. गेल्या जूनमध्ये सगळी पानं कोरडी निघाली, फक्त डाव्या पुढच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग होता. वर पाहिलं तर अँटेनाच्या बुडाचा वॉशर सैल होता. तो आवळला, पान बदललं, आणि पुढच्या पावसानंतर तेही कोरडं निघालं. मग कार्पेट टाकलं.