रुग्णालयाचे नवे विश्वस्त झाल्यावर पहिल्या वर्षी काय करावे

सोलापुरात रुग्णालये निरनिराळ्या चौकटींत चालतात. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला गावात आजही सगळे ‘सिव्हिल’च म्हणतात, ते शासनाचे आहे, अश्विनी रुग्णालय सहकारी संस्थेचे आहे, काही रुग्णालये सार्वजनिक न्यासांची (ट्रस्टची) आहेत आणि बाकीची बहुतेक डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीची. हा लेख मुख्यतः न्यासाच्या रुग्णालयावर नव्याने विश्वस्त म्हणून गेलेल्या व्यक्तीसाठी आहे. अशी व्यक्ती बहुधा सुताचा व्यापारी, वकील किंवा निवृत्त प्राध्यापक असते आणि वैद्यकातले आपल्याला काय कळणार, असे मानून सभेत गप्प बसते. मीही पहिली दोन वर्षे तशीच काढली, आणि ती वाया गेली याची खंत आजही आहे.

आधी घटना वाचावी

न्यासाची मूळ घटना किंवा योजना, म्हणजे कारभाराची नियमावली, कार्यालयातून मागून घ्यावी आणि सभेत बसण्यापूर्वी ती संपूर्ण वाचावी. विश्वस्त किती, त्यांची मुदत किती, गणपूर्तीला किती जण लागतात आणि धनादेशावर कोणाच्या सह्या चालतात, एवढ्या चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार विश्वस्तांमधला बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. आपल्या नावाचा बदल अर्ज दाखल झाला आहे का, हे स्वतः विचारावे. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा इमारतीतली जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तळमजल्यावरचे औषधाचे दुकान किंवा लॅब बाहेरच्याला चालवायला देताना हे कलम हमखास विसरले जाते.

सहकारी रुग्णालयाच्या संचालकाने याच जागी 1960 चा सहकार कायदा आणि संस्थेचे उपविधी वाचावेत.

आपली रेघ ओळखावी

विश्वस्त मंडळाने धोरण ठरवायचे, अंदाजपत्रक मंजूर करायचे, वैद्यकीय अधीक्षक आणि प्रशासक नेमायचे आणि त्यांच्याकडून हिशेब घ्यायचा. ओळखीच्या पेशंटला खाट मिळावी म्हणून वॉर्डात फोन करणे, सिस्टरची ड्यूटी बदलून देणे किंवा बिलात सूट लिहून देणे हे विश्वस्ताचे काम नाही. अधीक्षक किती रुपयांपर्यंतची खरेदी स्वतःच्या अधिकारात करू शकतात, त्यावरची खरेदी समितीकडे कधी जाते आणि मंडळापुढे कधी येते, याचा तक्ता ठराव करून लेखी ठेवावा. तो नसला की प्रत्येक इंजेक्शनची फाइल अध्यक्षांच्या टेबलावर अडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणालाच न विचारता पुढे जाते.

विषयपत्रिका उलटी करावी

रुग्णालयाचे मंडळ कसे चालते, हे कळण्यासाठी विषयपत्रिकेसारखा दुसरा कागद नाही. मी ज्या रुग्णालयात होतो, तिथली एक सभा मला स्पष्ट आठवते. मागील सभेचे इतिवृत्त कायम झाले आणि मग दर्शनी भागाला कोणता ग्रॅनाइट लावायचा यावर तासभर चर्चा झाली. नमुन्याच्या तीन फरशा टेबलावर मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक जण त्यांवरून हात फिरवून पाहत होता. शेवटी ‘ऐनवेळी येणारे विषय’ यात प्रशासकांनी सांगितले की शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह वारंवार बंद पडतो. तोवर चहा आला होता. ‘पुढील सभेत ठेवावे’ असे ठरले आणि पुढची सभा तीन महिन्यांनी झाली. त्या काळात किती शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, हे आम्ही विचारलेही नाही.

म्हणून नव्या विश्वस्ताने पहिली मागणी ही करावी, की इतिवृत्त कायम झाल्यावर लगेचचा विषय रुग्णसुरक्षेचा असावा आणि बांधकाम व खरेदी त्यानंतर यावी. सभेचे कागद किमान सात दिवस आधी हातात पडावेत. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे ‘कोणी करायचे’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने असावेत, आणि पुढची सभा त्या रकान्यांपासून सुरू व्हावी.

मोजके आकडे, पण दर महिन्याला

ताळेबंद महत्त्वाचा खराच, पण तो वर्षातून एकदा येतो. दर महिन्याला एका पानावर इतके मागावे: खाटांची व्याप्ती, सरासरी मुक्काम, शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग झालेले रुग्ण, घरी सोडल्यावर महिन्याभरात पुन्हा दाखल झालेले रुग्ण, संपलेली अत्यावश्यक औषधे आणि आलेल्या तक्रारी. व्याप्ती काढणे सोपे आहे. शंभर खाटा आणि तीस दिवस म्हणजे 3,000 खाट-दिवस. त्यांपैकी रुग्णांनी 2,100 वापरले असतील, तर व्याप्ती 70 टक्के. एका महिन्याच्या आकड्यावरून डॉक्टरांना धारेवर धरू नये. पावसाळ्यात डेंग्यू येतो, आषाढीला पंढरपुरामुळे साऱ्या जिल्ह्यावर ताण पडतो, तेव्हा आकडे हलणारच. सलग चार-सहा महिने एकाच दिशेने सरकणारा आकडा मात्र सोडू नये.

त्याच पानावर शासकीय योजनेची थकबाकी, म्हणजे रुग्णांवर मोफत केलेल्या उपचारांचे योजनेकडून यायचे राहिलेले पैसे, असावी. आज जी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, ती 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तेव्हा इथल्या रुग्णांना ही योजना चांगली माहीत आहे. किती दावे नाकारले गेले आणि का, हे प्रशासकांना विचारावे. कारण उपचारातले नसून अपुऱ्या कागदांतले असेल, तर ते आपल्या काउंटरवर सुधारता येते.

राखीव खाटा स्वतः जाऊन पाहाव्यात

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो हा भाग. वरील अधिनियमाच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. या रुग्णांकडून अनामत रक्कम मागता येत नाही. हे सगळे अहवालात बरोबर लिहिलेले असते. खरी स्थिती मात्र प्रवेशाच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिल्यावरच कळते. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, आलेली बाई पदरात गुंडाळलेले रेशनकार्ड काढून दाखवते, तेव्हा खिडकीतला माणूस आधी काय बोलतो, हे ऐकावे. ‘डिपॉझिट भरा’ म्हणतो, की समाजसेवकाला बोलावतो? शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडून येणाऱ्यांना कन्नड जवळची. शस्त्रक्रियेचे संमतिपत्र त्या भाषांत आहे का, आणि सही घेण्यापूर्वी कोणी ते वाचून समजावते का, हेही तिथेच पाहावे.

नात्यागोत्याची खरेदी

आपल्या किंवा नातेवाइकाच्या फर्मचा विषय सभेत आला, तर संबंध जाहीर करावा, चर्चा संपेपर्यंत बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. सोलापूरसारख्या गावात सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, म्हणून तर ही नोंद अधिक गरजेची.

रात्रीची एक फेरी

जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते सभेत डोळ्यांखालून घालावे, आणि मग एका रात्री दहानंतर अधीक्षकांना सोबत घेऊन प्रत्येक मजल्यावर चालत जावे. आपत्कालीन दारासमोर जुने पलंग रचलेले नाहीत ना, ते पाहावे. दाराला कुलूप असेल, तर ड्यूटीवरच्या सिस्टरकडे किल्ली मागावी, ती हातात यायला किती मिनिटे लागली हे घड्याळात पाहावे, आणि तो आकडा पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा.