जॉर्जिया ओकीफ यांच्यावर लिहिताना, त्यांच्या चित्रांची नक्कल करताना या चुका टाळा

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ (1887–1986) यांच्याविषयी मराठीत लिहिताना पहिली गडबड फुलांच्या नावांतच होते. ‘जिमसन वीड’ म्हणजे धोतरा. त्यांनी रंगवला तो अमेरिकेतल्या वाळवंटी न्यू मेक्सिको राज्यात रानोमाळ उगवणारा, आपल्या धोतऱ्याचाच भाऊबंद. ‘कॅना’ म्हणजे कर्दळ. ‘कॅला लिली’ मात्र निराळी. तिला अळवाच्या फुलासारखे नरसाळे असते आणि मधोमध पिवळा दांडा. नावे कानाला जवळची वाटतात म्हणून कर्दळीच्या चित्राखाली ‘लाल लिली’ छापले जाते. तसे करू नका. धोतरा आणि कर्दळ म्हटले की मराठी वाचकाला फूल लगेच डोळ्यांसमोर दिसते. आडनावाचा उच्चार ‘ओकीफ’, ‘ओकीफी’ नव्हे.

चित्राचे माप न देणे ही दुसरी चूक. 1932 चे पांढऱ्या धोतऱ्याचे चित्र 48 × 40 इंचांचे आहे, तर 1965 चे ढगांचे चित्र तब्बल 24 फूट लांब आणि 8 फूट उंच. फोनच्या पडद्यावर दोन्ही तळहाताएवढीच दिसतात. फूल मोठे करण्यामागे त्यांचा हेतू सरळ होता : घाईत असलेल्या न्यूयॉर्करांनी थांबून ते पाहावे. माप गाळले की हा हेतूच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

फुलांमध्ये फक्त स्त्रीदेह पाहणे ही सर्वांत हट्टी चूक. त्यांच्या चित्रांचे असे वाचन मोठी फुले येण्याआधीच सुरू झाले होते. 1921 मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी ओकीफ यांची विवस्त्र छायाचित्रे प्रदर्शनात मांडली आणि समीक्षक पुढची चित्रेही त्याच चष्म्यातून पाहू लागले. मोठी फुले 1924 पासूनची. ओकीफ यांनी हा अर्थ आयुष्यभर नाकारला. तुम्हाला तो मांडायचा असेल तर जरूर मांडा, पण तो समीक्षकांचा म्हणून मांडा, त्यांच्या तोंडी घालू नका.

‘स्टिग्लिट्झ यांनी त्यांना घडवले’ हे वाक्यही खोडा. ज्या कोळशाच्या अमूर्त रेखाटनांनी स्टिग्लिट्झ चकित झाले, ती ओकीफ यांनी 1915 मध्ये साउथ कॅरोलायनात शिकवत असताना केली होती. अनिता पोलित्झर या मैत्रिणीने ती 1916 च्या पहिल्या दिवशी स्टिग्लिट्झ यांना दाखवली. रेखाटनांमागे होती कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांची शिकवण : वस्तूची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी दिलेली जागा सुंदर रीतीने भरा.

पतीच्या, म्हणजे स्टिग्लिट्झ यांच्या, निधनानंतर त्या न्यू मेक्सिकोला वळल्या, असेही सर्रास लिहिले जाते. स्टिग्लिट्झ 1946 मध्ये गेले. ओकीफ मात्र 1929 पासूनच तिकडे उन्हाळे घालवत होत्या. घोस्ट रँचमधले घर 1940 चे, अबिक्यू गावातले 1945 चे, आणि कायमचा मुक्काम 1949 पासून. ही दोन घरे एकच समजू नका. 1931 ची गाईच्या कवटीची प्रसिद्ध चित्रे तर वाळवंटात नव्हे, न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला रंगवलेली आहेत. हाडे त्यांनी न्यू मेक्सिकोतून पिंपात भरून तिथे पाठवली होती.

आता नक्कल करणाऱ्यांसाठी. इथे बहुतेकांचे चित्र पहिल्या तासातच फसते, कारण पूर्ण फूल कॅनव्हासच्या मध्यावर बसवले जाते आणि चौफेर रिकामी जागा उरते. 24 × 30 इंचांचा कॅनव्हास असेल तर कार्डाला 4 × 5 सेंमीची खिडकी कापा. प्रमाण तेच राहते. खिडकी फुलाजवळ नेत जा, पाकळ्या किमान तीन कडांना कापल्या जाईपर्यंत. मग त्या चौकटीत फक्त बाह्यरेषा काढा. पाकळ्यांइतकेच मधल्या रिकाम्या जागांचे आकारही तपासा.

कॅनव्हासची खरखर तशीच राहिली तर छटा सलग उतरत नाहीत. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन-चार पातळ थर द्या आणि प्रत्येक थर वाळल्यावर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. एका पाकळीसाठी उजेडापासून सावलीपर्यंत सहा-सात छटा आधीच कालवून ठेवा, प्रत्येक छटेला वेगळा ब्रश. छटा ओल्या असतानाच शेजारी-शेजारी लावा आणि सांधे कोरड्या मऊ ब्रशने मिसळा. पाकळीची कड मात्र पुसू नका, नाहीतर सगळे चित्र धुक्यात जाते. सावलीत ट्यूबमधला काळा घालू नका, रंग मळकट होतो. 1926 च्या ‘ब्लॅक आयरिस’मध्येसुद्धा जांभळे, करडे आणि गर्द तांबडे रंग आहेत.

त्यांच्या काही चित्रांवर टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक उंचवटे आहेत. एके काळी ते वाळवंटातल्या वाळूचे कण समजले गेले. प्रत्यक्षात तेलरंगातल्या शिसेयुक्त घटकांची तेलातल्या मेदाम्लांशी प्रक्रिया होऊन बनलेला तो साबण आहे. नक्कल करताना त्यासाठी रंगात वाळू मिसळू नका.

खरा धोतरा समोर ठेवणार असाल तर वेळ सांभाळा. तो संध्याकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापले की मान टाकतो. त्यामुळे बाह्यरेषा आणि उजेड-सावलीचा आराखडा त्याच संध्याकाळी उरका, दिवा एकाच बाजूला ठेवून. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे : हाताळल्यावर साबणाने हात धुवा, डोळ्यांना बोट लावू नका, आणि खाली पडलेल्या बिया लहान मुलांच्या हाती लागण्याआधी वेचून टाका.