जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह घरीच सांभाळताय? मग या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या उतारावरचं वळण फार अवघड आहे. २००५ची होंडा सीआर-व्ही सेकंडहँड घेतली तेव्हा त्या वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की मागून घरघर यायची, भरलेलं कपाट फरशीवरून ओढावं तशी. वॉचमनकाका लांबूनच विचारायचे, "साहेब, मागे काही घासतंय का?" एका गॅरेजने चाकाचं हब बेअरिंग बदलायला सांगितलं, दुसऱ्याने अख्खा डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, पुढे नुसतं 'डिफ') उतरवायचं म्हटलं. शेवटी दोष निघाला तो लिटरभर तेलात.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्या आपण साध्या गाडीसारख्या सांभाळतो, हीच मूळ चूक. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं वेळेवर होतं. मागचा डिफ, मागे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, ती पुढे-मागे वाटणारा ट्रान्सफर केस मात्र वर्षानुवर्षं कोणी उघडतही नाही.

डिफमध्ये मिळेल ते तेल भरणं

त्या सीआर-व्हीच्या मागच्या डिफमध्ये दोन पंप असतात. एक प्रॉपेलर शाफ्टमार्फत पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो, दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. पुढची चाकं घसरली की दोन्ही वेगांत फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, क्लच प्लेट आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. म्हणजे इथे तेलाचं काम नुसतं वंगणाचं नाही, यंत्रणा चालते तीच तेलावर. म्हणून त्यात होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच हवं. माझ्या गाडीत आधी कोणीतरी साधं गिअर ऑइल ओतलं होतं. तीव्र वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे प्लेट थोड्या आवळल्या जातातच. तेल चुकीचं किंवा जुनं असलं की त्या अडकत-सुटत राहतात आणि घरघर ऐकू येते.

तेल बदलताना आधी वरचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) सोडवा, मगच खालचा ड्रेन प्लग (तेल काढायच्या भोकाचं). उलट केलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. माझा प्लग गंज सोडवणारं भेदक तेल मारून रात्रभर ठेवल्यावर सकाळी लांब हँडलने हलला. या डिफला वेगळा पाना लागत नाही, ३/८ इंची रॅचेटचं चौकोनी टोक थेट बसतं. नवं तेल भोकाच्या काठापर्यंत आलं की थांबा. मग मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना सावकाश गोल फेऱ्या मारा. आवाज उरला तर तेच तेल काढून पुन्हा नवीन भरा. मला दोनदा भरावं लागलं, त्यानंतर उतारावर आवाज आलेला नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी, लोण्यासारखी मऊ पेस्ट दिसली तर घाबरू नका, ती झिजेची बारीक भुकटी असते. चकत्या किंवा टोकदार तुकडे निघाले तर मात्र डिफ उघडावाच लागेल.

दोनच टायर बदलणं

पैसे वाचवायला पुढचे दोन नवे घेतले आणि मागचे झिजलेले ठेवले, हे फार ठिकाणी दिसतं. २१५/६५ आर१६ टायर नवा असताना एका फेरीत साधारण २१५५ मिमी जातो. नक्षी ५ मिमी झिजली की २१२४ मिमीच्या आसपास. किलोमीटरला सात फेऱ्यांचा फरक पडतो, ४० किमीच्या प्रवासात पावणेतीनशे. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगला किंवा सेंटर डिफला सतत सोसावा लागतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे घ्या आणि पुढचे-मागचे वेळोवेळी अदलाबदल करा. शंका असेल तर शिवणकामाची टेप चारही टायरांभोवती गुंडाळून घेर मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोरड्या डांबरावर ४×४ लावणं

जिप्सीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतंच ४×४ लावायच्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये सेंटर डिफ नसतो. कोरड्या रस्त्यावर वळलात की चाकांना घसरायला जागा मिळत नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर चढतो, लिव्हर अडकतो. तसा अडकला तर हातोडा नको, गाडी थोडी सरळ मागे घ्या, बहुतेक वेळा सुटतो. पण या भीतीने ४×४ कधीच न लावणं हेही चूकच. महिन्यातून एकदा चिखलात किंवा मातीच्या रस्त्यावर लावून थोडं चाला, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी लिव्हर जागचा हलत नाही.

पाण्यातून आल्यावर काही न बघणं

पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या भागात पाणी साचतं हे ठाणेकरांना सांगायला नको. डिफ गरम असताना पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते. वरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) चिखलाने बंद असेल तर ती कमतरता ऑइल सीलमधून पाणी ओढून भरून निघते. गुडघाभर पाण्यातून गेलात तर दुसऱ्या दिवशी फिलर प्लग उघडून करंगळीने तेल बघा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. ब्रीदर मेच्या अखेरीस साफ करा. सील बदलण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

जॅकवर विसंबणं

हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, म्हणून मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. आणि पुढचं एकच चाक उचलून ऑटोमॅटिक गिअरच्या फक्त 'पी'वर (पार्क) गाडी सोडलीत तर डिफमुळे ती सरकू शकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, जॅक स्टँडवर वजन घ्या, विटा वापरू नका. आमच्याकडचे पेव्हर ब्लॉक पावसात खचतात, म्हणून स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. आणि दोनच चाकं उचललेली असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. जमिनीवरची चाकं गाडी ओढून स्टँडवरून खाली आणतात.

गाडी रस्त्यात बंद पडली तर टोचन लावून किंवा पुढची दोन चाकं उचलून नेऊ देऊ नका. फ्लॅटबेडच मागवा, थोडा वेळ लागला तरी चालेल.

आवाजावरून चुकीचा भाग बदलणं

पूर्ण वळणावर घरघर आली तर आधी तेल. पूर्ण वळणावर टिकटिक आली तर पुढच्या अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, रबरी बूट फाटलंय का ते बघा. वेगाबरोबर वाढणारी गुणगुण डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त झाली तर हब बेअरिंग. 'डी'वरून 'आर'वर टाकताना धप्प आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा माउंटिंग. शाफ्ट उतरवण्याआधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जुळणाऱ्या चकत्यांवर) पांढऱ्या रंगाची खूण करा, नाहीतर परत बसवताना तोल चुकून थरथर सुरू होऊ शकते.

राहिलं काढलेलं तेल. आपल्याकडच्या गटारांचं पाणी शेवटी खाडीत जातं आणि ठाणे खाडी २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. जुन्या तेलाच्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून ठेवा आणि वापरलेलं तेल रीतसर रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.