ताकदीचे धागे शिकायला घेताना

शिरपूरला टेक्स्टाइल शिकणारे असोत की जळगाव एमआयडीसीत दोरी-चटईच्या कारखान्यात लागलेले, अरामिड, म्हणजे केव्हलारसारखा खूप मजबूत कृत्रिम धागा, हाती घेण्याआधी डेनिअर पक्कं करावं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, १०,००० मीटरचं म्हणजे डेसिटेक्स. बॉबिनवरचं १६७० डेसिटेक्स म्हणजे १५०० डेनिअर. धागा तुटतानाच्या भाराला तेच १६७० डेनिअर समजून भागलं की दर डेनिअरची ताकद दहा टक्के कमी निघते आणि चांगला माल नापास होतो.

केव्हलारसारखा अरामिड साधारण २३ ग्रॅम प्रति डेनिअर पेलतो. म्हणजे १५०० डेनिअरचा एकच धागा तुटायला साडेचौतीस किलो लागतात. दोरीचा चांगला पॉलिएस्टर ८-९ वरच थांबतो. डायनीमा, स्पेक्ट्रा हे पॉलिथिलीनचे धागे ३५ च्या आसपास जातात. पण हा हिशोब वजनाचा. अरामिडची घनता १.४४ आणि या पॉलिथिलीनची ०.९७, जाडीच्या हिशोबाने, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर मोजलं तर, दोघंही ३ गिगापास्कलजवळच येतात. कॅटलॉग दाखवणारा सहसा आपल्या सोयीचाच आकडा पुढे करतो.

चाचणीत नवखे हमखास फसतात ते पिळावर. बिनपिळाच्या धाग्यातले तंतू एकेक करून तुटतात आणि आकडा कमी येतो. १५०० डेनिअर अरामिडला मीटरला सुमारे ८० पीळ द्यावेत. चाचणी यंत्राच्या साध्या सपाट जबड्यात धागा कडेलाच तुटतो, पॉलिथिलीन तर सरकतच जातं; म्हणून धागा गोलाईवर गुंडाळून धरणारी पकड हवी. जबड्यालगत तुटलेला नमुना मोजायचा नाही. चाचणीआधी नमुने २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत मुरू द्यावेत. जळगावच्या मे महिन्यात खोली बंद ठेवून हे होत नाही, एसी आणि ह्युमिडिफायर दोन्ही लागतात.

ओळख पटवायला आधी पाणी. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, नायलॉन, पॉलिएस्टर, अरामिड बुडतात. मग आच: अरामिड वितळत नाही, काळं पडतं आणि ज्योत काढली की विझतं. पॉलिथिलीन मात्र १५० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे तापणाऱ्या यंत्राशेजारी ते कामाचं नाही. शिवाय कायम भार टांगून ठेवला तर ते हळूहळू लांबत जातं.

ऊन अरामिडला सोसत नाही. पिवळा धागा आधी तपकिरी होतो, मग ताकद जाते. रावेर-यावलकडे केळीचा घड पेलणारी पॉलिप्रॉपिलीनची पट्टी उन्हात भुरभुरीत होते ना, कारण तेच: अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटतात. म्हणून अरामिडच्या दोरीवर पॉलिएस्टरचं कवच विणतात. बॉबिनही काळ्या पिशवीतच ठेवाव्यात.

कापायला साधी कात्री नको, तंतू पात्यांवरून निसटतात. बारीक दातेरी पात्याची घ्यावी आणि ती फक्त अरामिडलाच वापरावी. पॉलिथिलीनच्या दोरीला गाठ मारू नये. गाठीत अर्ध्याहून जास्त ताकद जाऊ शकते आणि गुळगुळीतपणामुळे गाठ सुटतेही. टोक दोरीच्याच पोटात ओवून बसवायचं.