पुढच्या कोलोनोस्कोपीपर्यंतची वर्षं कशी काढावीत

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आता थेट पाच वर्षांनी या." पहिले काही महिने बरे जातात. मग एखाद्या रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू आणि भुट्ट्याचा कीस हाणून घरी यावं, सकाळी पोट बिघडावं आणि मनात यावं, आतड्याचा कॅन्सर तर नसेल?

आधी फाइल काढा. आमच्या इंदुरी घरांत ती लाइटबिलांच्या गठ्ठ्यात सापडते. रिपोर्टमध्ये बघा, दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथवर पोचली का. आतडं साफ होतं का? बोस्टन स्कोअर लिहिला असेल तर तो 9 पैकी असतो. आतड्याच्या तिन्ही भागांना किमान 2 हवेत. साफसफाई कमी पडली असेल तर तपासणी साधारण वर्षाच्या आत परत करतात, तेव्हा ती शंका रास्त आहे, डॉक्टरांना विचाराच. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढला असेल तर किती मिलिमीटरचा होता, आणि बायोप्सीत काय आलं? तो कागद काही दिवसांनी वेगळा मिळतो. पुष्कळ जण आणायलाच जात नाहीत!

आता मुदतीचं गणित. छोट्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा 10 वर्षांच्या आसपास काळ लागतो. म्हणून काहीच निघालं नाही आणि घराण्यातही नसेल तर 10 वर्षं चालतात. 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकतो असा पॉलिप) निघाला तर 3 वर्षांनी बोलावतात. तुमची तारीख रिपोर्टवरच ठळक लिहून ठेवा.

मधेच धीर सुटला म्हणून हेल्थ चेकअप पॅकेजमधली सीईए ही कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करू नका. ती सिगारेटनेही वाढते आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मलही येते. म्हणजे पैसे देऊन घोर विकत घ्यायचा.

मात्र काही गोष्टींना तारीख पाहायची नाही. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना उतरलेलं वजन, घसरलेलं हिमोग्लोबिन. "मूळव्याध आहेच माझी" म्हणून रक्त सोडून देऊ नका. (आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर झाली होती का, तेही आठवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते.)

शेवटी नातेवाइकांना फोन. आपल्याकडे असा आजार "पोटाचं ऑपरेशन झालं" एवढ्यावर झाकतात. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला निघाला असेल तर कितव्या वर्षी, हे स्पष्ट विचारा. साठीच्या आत असेल तर 10 वर्षांची मुदत सहसा 5 वर येते, आणि हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं असतं.