नव्या नोकरीत स्लॅकचा पहिला बॉट लिहिताना

हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, नव्याने रुजू झालेल्या फ्रेशरकडे एक काम हमखास येतं: "आपल्या चॅनेलमध्ये एक बॉट टाकून दे." चॅनेल म्हणजे स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपमधला गट, आणि बॉट म्हणजे तिथे आपोआप संदेश टाकणारा प्रोग्रॅम. काम किरकोळ समजलं जातं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण कुणाला किती परवानगी द्यायची हे तिथे पहिल्यांदा तुमच्या हातात येतं.

सुरुवात इनकमिंग वेबहुकने करा. ही एक यूआरएल असते. तिच्यावर जेसॉन या साध्या डेटा फॉरमॅटमध्ये मजकूर पाठवला की तो ठरलेल्या चॅनेलमध्ये उमटतो. बिल्ड फेल झालं, सर्व्हरची डिस्क भरत आली, एवढं कळवायला ती पुरते आणि तिच्यातून कुणाचं काही वाचता येत नाही. यूआरएल पासवर्डसारखी जपा, कोडसोबत गिटवर जाऊ देऊ नका. ज्याच्या हाती ती लागेल तो तुमच्या चॅनेलमध्ये काहीही लिहू शकतो.

मग मागणी वाढते, बॉटने उत्तरंही द्यावीत. इथे स्कोपची, म्हणजे परवानग्यांची, यादी समोर येते आणि घाईत सगळ्यावर टिक केली जाते. कृपा करून थांबा. 'चॅट:राइट'ने बॉट लिहू शकतो. 'चॅनेल्स:हिस्टरी' दिलं की त्याला तो जोडलेला असलेल्या सार्वजनिक चॅनेलमधले संदेश वाचता येतात, आणि लोक तिथे क्लायंटची नावं, लॉग, कधीकधी चक्क पासवर्डही पेस्ट करतात. हाक मारल्यावरच बोलणाऱ्या बॉटला स्लॅश कमांड ('/'ने सुरू होणारी आज्ञा) किंवा 'ॲप_मेन्शन्स:रीड' (बॉटला @ने हाक मारलेले संदेश वाचणं) पुरेसं आहे. बाहेरचं तयार ॲप जोडतानाही मी आधी हीच यादी वाचते, फीचर्स नंतर. एखादी परवानगी कशाला हवी ते कळलं नाही, तर सीनियरला बिनधास्त विचारा. नव्या माणसाने हे विचारलेलं चांगल्या टीमला आवडतं.

स्लॅश कमांडला 3 सेकंदांत पोच द्यावी लागते. काम लांबणारं असेल तर आधी पोच द्या, निकाल मागाहून पाठवा. ऑफिसच्या फायरवॉलमुळे बाहेरून रिक्वेस्ट आत येत नसेल तर सॉकेट मोड वापरा, त्यात बॉटच आतून स्लॅकशी कनेक्शन जोडतो.

रोज 10 वाजता स्टँडअपची (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगची) आठवण गिटहब ॲक्शन्समधून, म्हणजे गिटहबच्या आपोआप जॉब चालवणाऱ्या सोयीतून, पाठवायची असेल, तर लक्षात ठेवा, क्रॉनची (वेळापत्रकाची) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते. आपले सकाळचे 10 म्हणजे तिथले 4:30. गर्दीच्या वेळी जॉब उशिरा सुटतो, म्हणून दहा मिनिटं आधीचीच वेळ लावा.

प्रत्येक कमिटला संदेश मात्र नको. चार दिवसांत लोक चॅनेल म्यूट करतात आणि प्रॉडक्शन बंद पडल्याचा संदेशही कुणी बघत नाही. मुख्य चॅनेलमध्ये फक्त बिघाड कळवा, बाकी तपशील थ्रेडमध्ये.

सरावासाठी स्वतःचं मोफत वर्कस्पेस उघडा आणि पायथनमध्ये बोल्ट ही स्लॅकची लायब्ररी वापरून खऱ्या गरजेचं काही करा. कोथरूडहून हिंजवडीला गाडी शेअर करणारे मित्र असतील, तर रोज रात्री "उद्या कोण येणार?" विचारणारा, दोन बटणांचा बॉट लिहा. वेळापत्रक, बटणं, उत्तरं साठवणं, टोकन (बॉटची गुप्त किल्ली) कोडबाहेर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवणं, सगळं त्यात येतं.